चारशे दहा ग्रॅमचा जीव

"बसा ना," तो म्हणाला.

"नको, उभीच बरी आहे."

"अजून दहा मिनिटं लागतील."

"तीच तर नाहीयेत माझ्याकडे!"

जनावरांच्या दवाखान्यातला वजनकाटा पोट उघडून टेबलावर पडला होता, आणि कानामागे पेन्सिल खोचलेला एक माणूस डोळ्याला भिंग लावून त्याच्या आत पेचकस फिरवत होता. त्याला कसलीच घाई दिसत नव्हती. ती मात्र दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत सारखी चालत होती. छातीशी धरलेल्या लोकरीच्या टोपीत काहीतरी होतं, आणि ते काहीतरी मधूनच शिंकत होतं.

पायाला भिंगरी लावून जन्माला आलीये, असं तिची आई म्हणायची. पुढे पुढे 'पायाला' गळून गेलं आणि नुसतीच 'भिंगरी' उरली. वय एकोणतीस, काम गाडी शिकवायचं. दिवसाचे आठ तास ती नवशिक्यांच्या शेजारी बसायची, आणि तिच्या बाजूला बसवलेल्या जादा ब्रेकवर तिचा पाय तयार असायचा. सवय अशी जडली होती, की जेवताना समोरचा जरा भरभर बोलायला लागला तरी टेबलाखाली तिचा पाय आपोआप दाबला जायचा.

"टोपीत काय आहे?" त्या माणसानं मान वर न करताच विचारलं.

"कुत्रा."

आता मात्र त्यानं भिंग काढलं. "टोपीत?"

"हो, टोपीत. हसू नका."

"मी कुठे हसलो?"

"डोळ्यांनी हसलात. दिसलं मला."

"बरं… डोळ्यांच्या वतीनं माफी मागतो." त्यानं आपल्या पिशवीतून पुस्तकाएवढा एक चपटा काटा काढला, त्यावर स्वच्छ हातरुमाल अंथरला, आकडा शून्यावर आणला. "द्या इकडे. दवाखान्याच्या काट्याला वेळ आहे. हा माझा स्वतःचा, एक ग्रॅमसुद्धा लपवत नाही."

तिनं टोपी उलटी केली. बदामी रंगाचं, मोठ्या डोळ्यांचं, थरथरणारं एक पिल्लू रुमालावर आलं. काट्यावरचा आकडा जरा घुटमळला, मग थांबला.

"चारशे दहा." त्याचा आवाज एकदम खाली आला. "माझा पाना याच्याहून जड आहे."

"पान्याला कुणी मांडीवर घेऊन बसत नाही."

"मी बसतो की. एकटा माणूस आहे मी."

तिला हसू आलं, आणि ते त्याला दिसू नये म्हणून ती पुन्हा खिडकीकडे चालायला लागली.

तेवढ्यात आतून डॉक्टरबाई आल्या. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, भरड्या आवाजाच्या. पिल्लाला हात लावण्याआधी त्यांनी आपले दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम केले. "कुणासाठी आणलंय हे?"

"आईसाठी." भिंगरीनं भरभर सांगून टाकलं. वडील जाऊन दीड वर्ष झालं. घर सुनं सुनं झालंय. त्यात आठ महिन्यांपूर्वी आई न्हाणीघरात घसरली, उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण हातातली ताकद काही परत आली नाही. दोन किलोंच्या वर काही उचलायचं नाही, असं तिच्या डॉक्टरांनी बजावलंय. आणि आईला कुत्रा हवाय. "म्हणून मी सगळ्यात लहान शोधला. विकणारा म्हणाला, ही खास जात आहे, आयुष्यभर चहाच्या कपात मावेल."

"वय काय सांगितलं त्यानं?"

"दहा आठवडे."

डॉक्टरबाईंनी बोटानं पिल्लाचा ओठ वर केला. "दाढांचा पत्ता नाही. फार तर सात. आईपासून लवकर तोडलंय, विकताना आणखी चिमुकलं दिसावं म्हणून." मग त्यांनी भिंगरीचं बोट धरून पिल्लाच्या डोक्यावर अलगद टेकवलं. "इथं काय लागतंय?"

"मऊ लागतंय…"

"टाळू. भरलेली नाही अजून, आणि अशा पिल्लांची कधीकधी जन्मभर भरत नाही. एखादी टपली, सोफ्यावरून एक उडी, संपलं. आता हा गुडघा बघा. वाटी सरकतेय, कळतंय?" त्यांनी पिल्लाला परत टोपीत ठेवलं. "चहाच्या कपातली अशी जात बित नसते हो. एका वेतातलं सगळ्यात अशक्त पिल्लू उचलायचं, नाहीतर दोन अतिबारीक कुत्र्यांची जोडी लावायची, आणि वर गोड नाव द्यायचं. पण हृदय, यकृत, बेचाळीस दात, हे सगळं त्या कपात कोंबायचं कसं, ते कुणी सांगत नाही."

"आईला उचलता येण्यासारखा हवाय, डॉक्टर. बाकी मी बघेन."

"आईंच्या हातून वस्तू निसटतात?"

भिंगरीला आठवलं. मागच्याच आठवड्यात दोन कप आणि एक बशी.

"मग तर हा नकोच," डॉक्टरबाई म्हणाल्या. आवाज थोडा मऊ झाला होता. "त्यांच्यासाठी चार-पाच किलोंचा बघा. वाढ पुरी झालेला, गुडघे तपासलेला, डोकं थंड असलेला. त्याला उचलावं लागत नाही. तो आपला आपण मांडीवर चढतो."

"आठ दिवस दिलेत त्या विकणाऱ्यानं. पुढच्या बुधवारी हो की नाही सांगायचंय."

"मग आठ दिवस तरी जगवा याला. दर तीन तासांनी खायला द्या, रात्रीसुद्धा. पलंगावर मोकळं सोडायचं नाही, पायाखाली येऊ द्यायचं नाही. मरगळलं, मान टाकली, की अंगातली साखर उतरली समजायचं. हिरड्यांना मध चोळायचा, ऊब द्यायची आणि सरळ इकडे यायचं. आणि रोज वजन. ग्रॅममध्ये."

"घरी काटा नाहीये तसा."

"आहे," मागून आवाज आला. काटेवाला आपला चपटा काटा रुमालात गुंडाळून तिच्यापुढे धरून उभा होता. "आठ दिवस ठेवा. फक्त रोज सकाळी आठला आकडा कळवा मला. माझी वस्तू आहे, काळजी वाटते."

"काट्याची?"

"काट्याचीच म्हणालो ना मी!"

आणि त्याचे कान लाल झाले.

पिल्लाचं नाव आईनं ठेवलं — चिमूट. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत एवढासा जीव आला आणि घराचं वेळापत्रकच बदलून गेलं. भिंगरीनं बुटांच्या खोक्यात लोकर घालून, खाली गरम पाण्याची बाटली ठेवून त्याचा बिछाना केला. दिवसा ते खोकं गाडीच्या मागच्या सीटवर. शिकायला येणाऱ्या एक निवृत्त मुख्याध्यापिका चौकातून गाडी वळवत असल्या, तरी वेळ झाली की भिंगरी म्हणायची, "बाई, गाडी बाजूला घ्या. जेवणाची वेळ."

"माझी की त्याची?"

"त्याची."

"मग माझा तास तेवढा वाढवून द्यायचा हं," असं म्हणत मुख्याध्यापिका स्वतःच मागे वळून खोक्यात डोकावायच्या.

गुरुवारी आकडा चारशे अठरा. फोन पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"शाबास! आणि तुमचं काय?"

"माझं वजन विचारताय?"

"झोप झाली का ते विचारतोय."

"…नाही."

"मग माझीही नाही म्हणा ना. एकटीला जागं कसं ठेवायचं?"

फोन ठेवल्यावर ती केस विंचरायला आरशासमोर गेली आणि तीन मिनिटं नुसतीच कंगवा धरून उभी राहिली. शुक्रवारी चारशे एकवीस. वजन साडेसहालाच करून झालं होतं, पण आठ वाजायचे होते ना! तिनं गाडी पुसली. कुंड्यांना पाणी घातलं. पुन्हा एकदा पिल्लाला काट्यावर ठेवलं, जणू तेवढ्यात आणखी दोन ग्रॅम वाढणार होते. सात छप्पन्नला फोन केला तर बरं दिसणार नाही, म्हणून चार मिनिटं गॅलरीत येरझाऱ्या घातल्या.

"काय गं, आठ वाजता काय गाडी सुटतेय का तुझी?" आईनं आतून विचारलं.

"काही नाही. आकडा कळवायचा असतो."

"हो का. आकडा." आई एवढंच म्हणाली.

आई खुर्चीत बसून पिल्लाकडे तासन्‌तास बघायची. त्याच्याशी बोलायची, त्याला भिंगरीच्या लहानपणच्या खोड्या सांगायची. पण हात मात्र शालीत गुंडाळून ठेवायची. "घे ना मांडीवर," भिंगरी म्हणायची. आई म्हणायची, "झोपलंय ते, राहू दे." जागं असलं, तरी झोपलंय म्हणायची.

शनिवारी सकाळी काट्यावर चारशे नऊ आले.

भिंगरीनं पिल्लू उचललं, काटा शून्यावर आणला, पुन्हा ठेवलं. चारशे नऊ. "उतरलंय," ती फोनवर म्हणाली.

"आलोच," तो म्हणाला.

बारा मिनिटांत त्याची पिवळी गाडी खाली येऊन थांबली. डॉक्टरबाईंना विचारून दोघांनी खाणं आणखी पातळ केलं आणि तीन तासांचे दोन केले. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघं समोरासमोर बसले. ती पिल्लाला धरायची आणि तो थेंबनळीनं भरवायचा. एक थेंब. थांबायचं. आणखी एक थेंब. एवढ्या जवळून तिनं त्याचे हात पहिल्यांदाच पाहिले. नखांच्या कडांना लोखंडाचा काळपटपणा होता, आणि बोटं मात्र असं काही धरत होती, की त्यांनी आयुष्यात कधी जड काही उचललंच नसावं.

"दिवसभर वीस-वीस किलोंची वजनं उचलता ना तुम्ही?"

"हो. म्हणून तर हलकं काय असतं ते मला कळतं." पिल्लानं थेंब गिळला. "तुमचा पाय का हलतोय सारखा?"

"ब्रेक मारतेय."

"कुणाला?"

टेबलाखाली पाय आणखी जोरात दाबला गेला.

आईनं चहा ठेवला होता. भांडं दोन्ही हातांनी धरून ती ओतायला लागली आणि मनगट थरथरलं. तो उठला, काही न बोलता तिच्या हातांखाली आपला तळवा धरला, आणि चहा तिच्याच हातांनी कपात पडला. आईनं त्याच्याकडे पाहिलं. मग भिंगरीकडे पाहिलं. आणि दिवसभर उगाचच गुणगुणत राहिली.

रविवारी चारशे पंधरा. आकडा कळला होता, तरी संध्याकाळी तो आला. दोघं गच्चीवर गेली. वारा सुटला होता. वाळत घातलेल्या चादरी फडफडत होत्या, आणि तिनं स्वेटरच्या आत धरलेल्या पिल्लाचं फक्त नाक बाहेर होतं.

"एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "इथून दोन दिवसांच्या वाटेवर काट्यांचा एक मोठा कारखाना आहे. त्यांना तपासनीस हवाय. मंगळवारी संध्याकाळी सहापर्यंत हो म्हणून कळवायचं. नाही कळवलं, तर दुसरा माणूस घेणार."

चादरीचा एक कोपरा तिच्या तोंडावर आला. बरंच झालं ते. तो बाजूला करेपर्यंत तिनं चेहरा नीट करून घेतला.

"छान आहे की! घ्या."

"घेऊ?"

"न घ्यायला काय झालं?"

"हो," तो म्हणाला. "तसं काहीच झालं नाही."

जिना उतरताना त्याची पावलं तिनं मोजली नाहीत, पण शेवटच्या पायरीपर्यंत ऐकली. घ्या! कोण म्हणालं हे? कुठून आलं तोंडात? रात्री पिल्लाला भरवायला उठली ती पुन्हा झोपलीच नाही. सोमवारी तिनं फोन केला नाही, फक्त संदेश पाठवला — 'चारशे एकोणीस'. उत्तर आलं — 'ठीक'. एवढंच. ठीक! त्या दोन अक्षरांचा तिला इतका राग आला, की त्या दिवशी शिकायला आलेल्या तिघांना तिनं विनाकारण चार-चार वेळा गाडी मागे घ्यायला लावली. आणि तरी हातातला फोन तिनं दिवसभर उपडा काही ठेवला नाही.

मंगळवारी वारा आणखी वाढला. रस्त्यावर धूळच धूळ. एवढ्या धुळीत पिल्लाला न्यायचं कसं, म्हणून भिंगरीनं पहिल्यांदाच खोकं घरी आईपाशी ठेवलं. दुपारच्या खाण्याला वेळेवर येते म्हणाली. पण वाटेत एका ट्रकचा माल सांडला होता, रस्ता तुंबला, आणि ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला अडकली. मुख्याध्यापिका चालवत होत्या. चारला दहा कमी असताना फोन वाजला.

"भिंगरी…" आईचा आवाज कापत होता. "अगं, ते मान टाकतंय. डोळे फिरवतंय."

"मध लाव आई! हिरड्यांना मध चोळ!"

"झाकण उघडत नाहीये गं. हातच चालत नाही माझा… फिरतच नाही झाकण…"

पुढेमागे गाड्याच गाड्या. अर्धा तास तरी नक्की. भिंगरीनं विचार केला नाही, मानाचा नाही की अपमानाचा. तिनं त्याला फोन लावला.

"कुठे आहात?"

"तुमच्या घरामागच्या किराणा दुकानात. काटा बसवतोय. का?"

"आई एकटी आहे, चिमूटनं मान टाकलीये, मधाच्या बाटलीचं झाकण—"

फोन बंद झाला नाही. नुसता पळण्याचा आवाज येत राहिला. काहीतरी जड खाली पडल्याचा आवाज, मग जिना, एक मजला, दुसरा, तिसरा, धापा, दार. मग त्याचा आवाज, अगदी शांत. "काकू, बसा तुम्ही. शाल द्या ती. हं… असं. चोळतोय मी. ए चिमूट… ए, इकडे बघ…" मग बराच वेळ काहीच नाही. भिंगरीनं फोन कानात रुतवला होता. शेजारी मुख्याध्यापिकांनी स्टिअरिंग सोडून हात जोडले होते.

"जिभेनं चाटतंय," तो म्हणाला. "ऐकलंत का? चाटतंय बोट माझं. दवाखान्यात नेतोय, काकूंनाही घेतो. तुम्ही तिकडेच या. आणि हळू चालवा."

रस्ता मोकळा झाला तसं भिंगरीनं मुख्याध्यापिकांना शेजारी बसवलं आणि स्वतः स्टिअरिंगपाशी बसली. "इतकी वर्षं मुलांना रडू नका म्हणून सांगत आले," मुख्याध्यापिका रुमाल पुढे करत म्हणाल्या. "तुम्ही रडा. रस्त्याकडे मी बघते."

त्यांना घरी सोडून ती दवाखान्यात पोचली, तेव्हा पिल्लाला आत उबदार पेटीत ठेवलं होतं. पायाला बारीक सुई होती आणि डोळे उघडे होते. पेटीच्या काचेला नाक लावून काटेवाला स्टुलावर बसला होता. त्याच्या सदऱ्यावर मध, हातावर मध, कानामागच्या पेन्सिलीलाही मध लागलेला.

"वाचलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आज वाचलं. पण हे असं पुन्हा होणार, निदान आणखी काही महिने तरी. याला अशी जागा हवी जिथं चोवीस तास कुणी ना कुणी जागं असतं."

भिंगरी बाहेरच्या बाकावर आईजवळ गेली. आई हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत बसली होती.

"मला नको गं ते," आई म्हणाली. "आल्या दिवसापासून मला भीती वाटत होती. माझ्या हातून सांडेल, म्हणून मी हातच लावला नाही. तू एवढ्या हौसेनं आणलंस, तुला सांगू कशी?"

"पण तुला उचलून घेता येईल असा हवा होता ना तुला…"

"असं कधी म्हणाले मी? उचलायचं तू ठरवलंस." आईनं डोळे पुसले. "तू सकाळी जातेस ती संध्याकाळी येतेस. किल्ली लावून घरात शिरले की आत काही हलत नाही बघ. मी आले म्हणून कुणीतरी उठून दारापर्यंत यावं, एवढंच हवं होतं मला."

आठ दिवस ती ग्रॅम मोजत होती, आणि ही एवढी साधी गोष्ट तिनं आईला विचारलीच नव्हती.

डॉक्टरबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या आत गेल्या आणि थोड्या वेळानं एका कुत्र्याला घेऊन आल्या. काळापांढरा, एक कान उभा, एक पडलेला. गळ्यात पट्टा नव्हता, छातीभोवती रुंद पट्टे होते. "लहान कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते, म्हणून ओढ गळ्यावर येऊ द्यायची नाही," त्या म्हणाल्या. "पावणेपाच किलो. चार वर्षांचा. घरची माणसं परदेशी गेली, हा राहिला माझ्याकडे. हृदय चांगलं, गुडघे चांगले, दात मी स्वतः साफ केलेत. एकच खोड आहे, घोरतो."

कुत्र्यानं आईचा वास घेतला. तिची चप्पल हुंगली. मग पुढचे दोन पाय बाकावर टेकवले, मागचे ओढून घेतले, आणि कुणी बोलवायच्या आत आईच्या मांडीवर तीन गिरक्या घेऊन बसला. आईनं आज हात लपवले नाहीत. आधी डावा त्याच्या पाठीवर ठेवला. मग उजवाही.

"आणि चिमूट?" भिंगरीनं विचारलं. "परत दिला तर तो विकणारा दुसऱ्या कुणाला देईल."

"परत बिरत काही नाही. तो इथंच राहील," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्या माणसाशी मी बोलते. मला त्याला बरंच काही बोलायचंय."

भिंगरी मोकळी हवा घ्यायला बाहेर पायरीवर आली. वारा पडला होता. काटेवाला नळाखाली हात धुऊन आला आणि तिच्या शेजारी, पण एक हात अंतर ठेवून, बसला. समोरच्या दुकानातल्या घड्याळावर तिची नजर गेली. सहा वाजून वीस मिनिटं.

"अहो! तुमचा फोन! कारखाना!"

"हो."

"सहापर्यंत होतं ना? विसरलात? माझ्यामुळे… थांबा, आत्ता करा, सांगा की दवाखान्यात—"

"विसरलो नाही. पेटीच्या वरच घड्याळ आहे. पावणेसहापासून त्याच्याकडेच बघत होतो. सहाला पाच कमी, चार कमी… आणि सहा वाजले ना, तर एवढं बरं वाटलं, की डॉक्टरबाईंनी विचारलं, एकटेच का हसताय?"

"पण मी तर घ्या म्हणाले होते."

"तुम्ही म्हणालात म्हणूनच दोन दिवस विचार केला. एका खोलीत बसून दिवसभर तीच ती तपासणी… मला नको होतं ते आधीही. नाही म्हणायला फक्त धीर होत नव्हता. तुमचा काही दोष नाही त्यात, आणि तुमच्यावर काही बंधनही नाही."

ती उठली. दोन पायऱ्या उतरली, पुन्हा चढली. पुन्हा उतरली.

"ते मी खोटं बोलले," ती रस्त्याकडे तोंड करून म्हणाली. "घ्या म्हणाले ते. मला म्हणायचं होतं, जाऊ नका. आणि सोमवारी तुम्ही ठीक म्हणालात ना, तर मला… मला तो शब्दच नको झालाय. सकाळी आठ वाजायच्या आधीची सगळी वेळ मला खायला उठते. आणि आठ वाजून गेले की पुढची. काय करू मी याचं? सांगा ना!"

तिनं वळून पाहिलं. त्याचे कान, मान, सगळं लाल झालं होतं.

"बोला ना काहीतरी."

"तुम्ही म्हणालीस तर—" तो अडखळला. "म्हणजे… तू म्हणालात… छे! एकदा तू म्हणू का?"

"म्हण की," ती म्हणाली. आणि आपण काय बोललो ते कळून तिनं ओठ दातांत धरला.

"तू," तो म्हणाला. नुसतंच. पुढे वाक्य नव्हतंच त्याच्याकडे. ती त्याच्या शेजारी बसली, आणि एका हाताचं अंतर आता उरलं नव्हतं. त्याचा हात अजून जरा चिकट होता, नीट धुतलाच नव्हता त्यानं. तिनं तो सोडला नाही.

मागं दार करकरलं. आई उभी होती. पायाशी काळापांढरा कुत्रा, त्याची दोरी तिच्या डाव्या हाताला गुंडाळलेली.

भिंगरी गडबडून म्हणाली, "आई, आम्ही… तुला सांगणारच होतो…"

"मला काय सांगता? शनिवारी चहा ओतला तेव्हाच कळलं मला," आई म्हणाली. "फक्त आता जरा बाजूला सरका. दोघं पायरी अडवून बसलाय, आणि याला खाली जायचंय. घाईची लागलीये."

कुत्र्यानं त्या दोघांच्या मधून वाट काढली आणि आईला आपल्या मागे ओढत पायऱ्या उतरून गेला.